येसाजीला अग्नी कोणी दिला

महाडच्या कोर्टात दुपारची सुट्टी झाली. शिपाई हैबती व्हरांड्यात आला, तर पायरीवर प्रयागबाई बसलेली. पोलादपूरजवळच्या कापडे गावाहून पहाटेच निघाली असावी. तिने पदराखालून लांबट लिफाफा काढला. त्यावर लष्करी कचेरीचा शिक्का होता. तिच्या मुलाबद्दल, येसाजीबद्दल काहीतरी लिहून आलं होतं आणि गावात इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं.



येसाजी आणि तो एकाच गावचे, एकाच दिवशी पलटणीत भरती झालेले. त्रेचाळीस साली इटलीत एका नदीकाठी येसाजी पडला. महायुद्ध संपल्यावर हैबती एकटाच गावी परतला, तेव्हा प्रयागबाईने एवढंच विचारलं होतं, की माझ्या पोराला अग्नी तरी मिळाला का? त्याने सांगून टाकलं, माझ्या मांडीवर गेला, अग्नी मीच दिला. मग दर दिवाळीला ती त्याला जेवायला बोलवी आणि तेच पुन्हा सांगायला लावी. तो सांगत आला. त्यातलं एक अक्षरही खरं नव्हतं.

इंग्रजी वाचणारे कारकून आज रजेवर आहेत असं सांगून तिला वाटेला लावावं, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. पण कारकून समोरच डबा खात होते. तो तिला आत घेऊन गेला.

कारकुनांनी हात धुऊन कागद उलगडला आणि सावकाश मराठीत सांगू लागले. "तुमचा मुलगा पायाला गोळी लागून नदीपलीकडे पडला होता. पहाटे आपल्याच लोकांनी त्याला उचलून इस्पितळात नेलं. दोन दिवस होता. तिसऱ्या दिवशी गेला. हिंदू रिवाजाप्रमाणे अग्नी दिला, असं लिहिलंय. तिथे दगडावर नाव कोरलंय, त्याचा हा फोटो."

शिपायाने कारकुनासमोर बसायचं नसतं. तरी हैबती बाकावर बसला.  कुणीतरी येसाजीला उचललं होतं.

प्रयागबाईने फोटो घेतला. इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवलं, मग हैबतीकडे पाहिलं. बाहेर चिंचेखाली आल्यावर तिने विचारलं, "तू व्हतास का रे त्याच्यापाशी?"

"नाय, काकी." बारा वर्षांत पहिल्यांदाच तो खरं बोलत होता. "मागं फिरायचा हुकूम झाला. येसाजीला चालवत नव्हतं. परत येतो म्हणालो नि नदीत उतरलो. सकाळच्याला आमाला दुसरीकडंच धाडलं."

पुढचं त्याला सांगवेना. येसाजीला तिथे कोल्ह्याकुत्र्यांनी ओढलं असेल, हेच तो इतकी वर्षं डोळ्यांपुढे बघत आला होता. आता ती तोंडात येईल ते बोलेल, बोलावंच तिने, असं त्याला वाटलं.

 पण तिने विचारलं, "तुला काय म्हनाला?"

"पानी मागितलं. माझी बाटली भरलेली व्हती. ती त्याच्या हातात दिली."

"मंग तीच पिऊन रात काढली असंल त्यानं," प्रयागबाई म्हणाली. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले. "दोन दिस खाटंवर निजला माझा पोर. तू दिलास काय नि परक्यानं दिला काय, अग्नी मिळाला ना."

हैबती तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, टोपी तोंडावर धरून रडला. तिने त्याला रडू दिलं. मग म्हणाली की दिवाळीला जेवायला ये, पण आता सांगत बसू नकोस. पुरे झालं.

तो तिला स्टँडवर घेऊन गेला आणि पोलादपूरच्या गाडीत खिडकीपाशी बसवून दिलं. म्हातारी कोण तुझी, असं कंडक्टरने विचारलं. चुलती म्हणून सांगून त्याने तिला पोलादपूरला सांभाळून उतरवायला सांगितलं.

तिला पोलादपूरला उठवावंच लागणार होतं. गाडी सुटायच्या आधीच, फोटो मांडीवर धरून, गजाला डोकं टेकून प्रयागबाई झोपी गेली होती.