पाहुण्याला दिलेलं पाकीट

ऑइलपेंटवर चुना धरत नाही, हे शिल्पाला कळेस्तोवर अर्धी बादली संपली होती. पुढच्या भिंतीवर लाल अक्षरात ‘शिल्पा वेफर्स’ लिहिलेलं. एक हात मारला, दुसरा मारला, तरी अक्षरं आपली पदराआडून डोकावणाऱ्या पोरासारखी डोकावतच होती. शेवटी तिने कुंचला बादलीत आपटला. चुन्याचे शिंतोडे तिच्याच तोंडावर उडाले.

दुपारी विमा कंपनीचा सर्व्हेअर येणार होता, मागचं जळकं स्वयंपाकघर बघायला.

पिंप्राळ्यातलं हे घर म्हणजे पुढे दोन खोल्या आणि मागे पत्र्याचं स्वयंपाकघर. बाप वारला तेव्हा आईने, सविताबाईने, त्याच स्वयंपाकघरात केळीचे वेफर्स तळायला घेतले. शिल्पा तेव्हा नववीत. वर्गाच्या बाईंशी भांडून तिने शाळा सोडली आणि किसणी हातात घेतली. धंद्यासाठी शाळा सोडली असं ती सगळ्यांना सांगायची. आई म्हणायची, धंदा निमित्त, भांडण खरं. पण पोरीचे डोळे घारीचे. उकळत्या तेलात मिठाचं पाणी कधी शिंपडायचं ते ती नुसत्या बुडबुड्यांवरून ओळखायची. पाचोऱ्याच्या दुकानांपर्यंत माल जायला लागला, तेव्हा भिंतीवर आपलं नाव तिनेच रंगवून घेतलं. पाकिटावरचं लेबलही तिनेच केलं. खाली घराचा पत्ता.

आग लागली ती तळताना नाही. त्या दिवशी मायलेकी पाचोऱ्याला साखरपुड्याला गेल्या होत्या. कढई थंड, गॅस बंद. फ्रीजची वायर पेटली आणि पत्र्याचं छत वाकून खाली आलं. शेजारच्या रहिमाबीने कुलूप तोडून पाणी मारलं म्हणून पुढच्या खोल्या वाचल्या. कोनाड्यातला बुद्ध मात्र काळाठिक्कर पडला.

घराच्या कर्जाबरोबर विमा उतरवला होता, तो गिरधर एजंटने. तो आला, जळकं बघितलं, आणि भिंतीवरचं नाव वाचून कपाळाला हात लावला. विमा राहत्या घराचा आहे, म्हणाला. घरात धंदा चालतो असं कळलं तर कंपनी हात वर करेल. घरातल्या धंद्यासाठी विम्याला वेगळी जोड मिळते, थोडे जास्त भरावे लागतात, ती तुम्ही घेतली नाही.

शिल्पाचं टाळकं सरकलं. दर महिन्याला येऊन फुकट वेफर्स खाऊन जात होतात, तेव्हा नाही दिसला धंदा, असं तिने तोंडावर विचारलं.

“मी खाणारा माणूस, पोरी,” गिरधर म्हणाला. “विचारायचं तुम्ही होतं.”

मग त्यानेच तोड सांगितली. कढई हलवा, किसण्या लपवा, नाव पुसा. विचारलं तर म्हणा, धंदाबिंदा काही नाही.

शिल्पाला ते पटलं नव्हतं. पण दुसरी वाट सोनगीरला जात होती. विम्याचं काही आलं नाही तर छत नाही, आणि छत नाही तर तोताराम मामाचं घर. मामाने फोनवर सांगूनच टाकलं होतं, या दोघी इकडे, तुमची भाकर मला जड नाही, शिल्पाला स्थळही बघून ठेवलंय. त्या घरात ती दोन उन्हाळे राहिली होती. तिथे पोर मोठ्याने हसली तर मामा पेपर खाली ठेवून बघायचा. काही बोलायचा नाही, नुसता बघायचा. त्या घरात नांदण्यापेक्षा चुना लावलेला बरा.

म्हणून मोठी कढई रहिमाबीकडे गेली, किसण्या आणि पाकिटं बंद करायचं मशीन पलंगाखाली. वास तेवढा राहिला. दोन वर्षांचं तळण भिंतीत मुरलेलं, त्याला कुठला चुना लावणार?

“तू काही बोलू नको,” आईने बजावलं. “मी सांगसू.”

सर्व्हेअर धुळ्याचा निघाला. पन्नाशीचा, बुटका, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. दारात थांबून त्याने चपला काढल्या. जळक्या घरात कोणी चपला काढत नाही, हा काढतोय, हे शिल्पाने टिपलं. मागे जाऊन त्याने फोटो काढले, फ्रीजचा सांगाडा उलटा करून वायर बघितली. पुढे येऊन खुर्चीवर बसला आणि सहज विचारावं तसं विचारलं, घरात काही व्यवसाय वगैरे? सविताबाई नाही म्हणाली. मग गॅसची दोन सिलिंडरं कशाला? पाहुण्यांचा राबता आहे, सविताबाई म्हणाली. त्याने मान हलवली आणि लिहून घेतलं. शिल्पा दाराला पाठ लावून उभी. आपल्याच घरात आपण नाही आहोत, असं तिला वाटत होतं.

आणि मग आईने चहा आणला. चहाबरोबर बशीत वेफर्स.

शिल्पाने डोळ्यांनी बशीकडे खुणावलं. पण आईला त्यात वावगं काहीच दिसत नव्हतं. दारी आलेला माणूस कोरड्या तोंडाने कसा जाईल? सर्व्हेअरने एक उचलला, दुसरा उचलला. छान आहेत, म्हणाला. सविताबाईचा चेहरा असा उजळला की विमाही विसरली, गिरधरही विसरली. तो निघाला, तर आत जाऊन तिने आगीतून वाचलेलं एक भरलं पाकीट आणलं आणि पोरांसाठी न्या म्हणून त्याच्या पिशवीत घातलं. लेबलासकट.

तो पायरी उतरून गल्लीला लागला तेव्हा शिल्पा आईवर फिस्कारली, त्याच्यावर आपलं नाव आहे, पत्ता आहे. आई म्हणाली, “पाहुना खाली हात जाई का?”

शिल्पा अनवाणीच धावली. रिक्षा थांब्यावर तिने त्याला गाठलं. धापा टाकत म्हणाली, “काका, ते पाकीट परत द्या.”

दिलेलं परत मागताना तिचे कान तापले. त्याने पिशवीतून पाकीट काढलं, पण दिलं नाही. लेबल वाचलं.

“शिल्पा वेफर्स म्हणजे कोण?”

बाजारातून आणलंय, असं तिच्या जिभेवर आलं होतं. अगदी टोकावर. पण लाल अक्षरं, ती कढई, तो पलंगाखालचा पसारा, सकाळपासून लपवलेलं सगळं एकदम वर आलं.

“मी,” ती म्हणाली.

“माहीत आहे. भिंतीवर येतानाच वाचलं. तुमचा चुना कच्चा आहे.”

“मग विचारलं कशाला?”

“तुम्ही सांगाल म्हणून. आग फ्रीजने लागली, कढईने नाही. तेव्हाच खरं सांगितलं असतं तर मला तुमच्या बाजूने काही लिहिता आलं असतं. आता तुझ्या आईने नाही म्हटलेलं लिहिलंय.”

“खोडा मग ते.”

“खोडता येत नाही, बाई. तू म्हणालीस ते खाली लिहितो. लपवलं होतं हेही लिहावं लागेल. पुढचं ऑफिस बघेल.”

मिळेल का, तिने विचारलं. त्याने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. रिक्षा आली. पाकीट त्याने तिच्या हातात द्यायला पुढे केलं, आणि आता तिलाच ते घेववेना. राहू द्या, म्हणाली. पोरांसाठी.

घरी आली तर आई दारातच. “पाकीट लिधं ना त्यासनी?”

“घेतलं.”

सविताबाईने सुटकेचा श्वास सोडला. कसली सुटका, हे शिल्पाने विचारलं नाही आणि थांब्यावरचं काही सांगितलंही नाही. आत फोन वाजत होता. मामा असेल, नाहीतर पाचोऱ्याचा दुकानदार, माल कधी विचारणारा. तिने तो वाजू दिला.

तिने ओलं फडकं घेतलं आणि भिंत पुसायला लागली. चुना पापुद्र्यासारखा सुटत होता. ‘शिल्पा’ मोकळं झालं, लाल, लख्ख. ‘वेफर्स’वर फडकं ठेवलं तोच आईने मनगट धरलं.

“आसू दे. परत कोनी बघाले उनं तर?”

शिल्पाने हात ओढला नाही. फडक्यातलं पाणी कोपरापर्यंत ओघळत राहिलं, आणि आईनेही मनगट सोडलं नाही.