विनीचं नाक

विनी प्रॉसरचं नाक हिवाळ्यातल्या तापात गेलं, आणि ते परत आलं असं तिनं गावभर सांगून टाकलं. खरं म्हणजे वास कधी यायचा, कधी नाही. पण वीस वर्षं प्लमच्या मेळ्यात फळांच्या एल बिअरची परीक्षा घेणाऱ्या बाईनं हे कबूल करायचं म्हणजे परीक्षकाची खुर्ची सोडायची. ती काही विनी सहजासहजी सोडणार नव्हती.

तंबूत पहिला ग्लास आला. त्यावरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं: डेस्मंड टँडीची, पिवळ्या प्लमची एल. विनीनं हुंगलं, घोट घेतला, तोंडात घोळवला. कडवट, मागून जराशी गोडी. प्लम? नावालाही नाही.

"वा! काय प्लम उतरलाय!" शेजारचा परीक्षक सेड्रिक डोळे मिटून म्हणाला. "अगदी सालीसकट! हो ना गं विनी?"

नुसतं 'हो' म्हटलं की भागत होतं. पण मग या ग्लासात आहे तरी काय, हा प्रश्न तिला स्वस्थ बसू देईना. तिनं ग्लासाला तळहातांची ऊब दिली, परत हुंगलं, परत घोट घेतला. छे!

"मला यात प्लम लागत नाही," ती म्हणाली.

"अगं बाई, अजून सर्दीच का? जा, घरी जाऊन पड."

"नाक गेलंही असेल माझं. पण लागत नाही ते लागत नाही. टँडीला बोलव."

टँडी आला तो कपाळावर हात मारतच. "तुम्हाला कळलं वाटतं! आत्ताच बायकोचा फोन आला. प्लमच्या पिशव्या फ्रीजरमध्येच आहेत हो! पिंपात घालायच्याच राहिल्या!"

तंबूत हशा पिकला. सेड्रिक लालबुंद झाला. "पण वास तर येत होता!"

"चिठ्ठीचा आला असेल," कुणीतरी मागून म्हणालं.

विनीला मात्र हसू येईना. नसलेला प्लम लागला नाही, यात कसली आली नाकाची परीक्षा? बुजगावण्यालाही लागला नसता.

तिनं दुसरा ग्लास ओढला. हुंगलं. काहीच नाही. पुन्हा हुंगलं, सावकाश. आणि आला! दोन दिवस गवतात पडलेल्या, गांधीलमाश्यांनी टोकरलेल्या प्लमचा आंबूस वास.

विनीचे डोळे भरून आले. तिनं ते पुसलेही नाहीत.

"लिही रे सेड्रिक," ती म्हणाली. "फळं फार पिकलेली घातलीत. पाच गुण कमी."