विश्रांतीचे फोड

हृदयाची सोनोग्राफी करण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. माणसांचे चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत, हृदयं राहतात. त्यामुळे वल्ही दुसऱ्यांदा आली तेव्हा मी तिला ओळखलं ते स्क्रीनवर.

वल्ही हे काही तिचं खरं नाव नव्हे. चौघींच्या होडीत तिसऱ्या जागेवर बसून ती वल्हवायची, म्हणून क्लबातल्या मुलींनी ते पाडलेलं. मोठ्या स्पर्धेआधी खेळाडूंची तपासणी होते, त्यात ती तीन महिन्यांपूर्वी माझ्याकडे आली होती. ठोके मिनिटाला बेचाळीस, डावा कप्पा ऐसपैस आणि मधली भिंत तेरा मिलिमीटर. मुलीच्या मानाने जाडच. आता वर्षानुवर्षं वल्हवून जसे दंड भरतात, तशी ही भिंतही भरते, त्यात वावगं काही नाही. पण एका आजारातही ती अशीच जाड होते, आणि तो आजार भर शर्यतीत माणसाला आडवा करू शकतो. यातलं कुठलं, हे ओळखायचा सोपा उपाय म्हणजे खेळ थांबवून बघायचं. कमावलेली भिंत उतरते, आजाराची उतरत नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलं आणि मी माझ्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लिहून दिली: तीन महिने विश्रांती.

आज ती डाव्या कुशीवर पडली होती आणि मी भिंत मोजत होते. तेरा. पुन्हा मोजली. तेराच.

मी स्क्रीन तिच्या नजरेआड जरा वळवून घेतली.

"ताई, उतरली का?"

"डॉक्टर सांगतील," मी म्हणाले. आमच्या नोकरीतलं हे सगळ्यात भित्रं वाक्य. डॉक्टर शेजारच्याच खोलीत होते. हा आकडा त्यांच्या टेबलावर गेला की हिचं वल्हं कायमचं सुटणार होतं, आणि वय होतं बावीस.

छातीवरचं जेल पुसायला मी तिला कागद दिला. तिने हात पुढे केला. तळहातावर घट्टे होते, ते असणारच, पण बोटांच्या मुळाशी दोन फोड होते, चांगले ताजे, पाणी धरलेले.

"हे काय गं?"

"फोड."

"दिसतंय मला. कशाचे?"

"वल्ह्याचे," ती म्हणाली. माझ्या अडाणीपणाची तिला कीवच आली असावी.

मी तडकलेच. "विश्रांती सांगितली होती ना तुला?"

"घेतली की! एक दिवस चुकवला नाही. रोज फक्त दीड तास, तेही हळूहळू."

"याला विश्रांती म्हणतात?"

"मग? आमच्या क्लबात विश्रांतीचा दिवस म्हणजे तेवढंच असतं. कोचना चिठ्ठीसुद्धा दाखवली. ते म्हणाले, लिहिलंय तसं कर."

दाराशी तिची आई उभी होती. "आणि घरी भांडं उचलायला सांगितलं की म्हणायची, मला विश्रांती सांगितलीय!"

मी कपाळावर हात मारला, जेलसकट. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते आधी रागावले, मग इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. ही तपासणी धरायचीच नाही असं ठरलं. पुन्हा तीन महिने.

वल्हीला मात्र रडू फुटलं. स्पर्धा हुकणार होती, तिच्या जागेवर दुसरी बसणार होती. मला फार अपराधी वाटलं, कारण तो एक मोघम शब्द माझा होता. या वेळी मी पानभर लिहिलं. वल्ह्याला हात लावायचा नाही. होडीत बसायचं नाही. वल्हवायच्या मशीनवर नाही, पळणं नाही, जिम नाही. फक्त चालायचं, तेही आईच्या वेगाने.

"माझ्या वेगाला काय झालंय?" आई म्हणाली.

तीन महिन्यांनी ती आली तेव्हा मी मशीन लावायच्या आधी म्हटलं, "हात दाखव."

तिने दोन्ही तळवे पुढे केले. घट्ट्यांची सालं निघून खाली गुलाबी, मऊ कातडी आली होती. "भांडी घासलीत," ती म्हणाली, "आई मोजून घेते." तिचा चेहरा उतरलेला होता. त्या चौघींनी तिच्यावाचून शर्यत मारली होती, आणि ती काठावर उभी राहून ओरडून ओरडून घसा बसवून आली होती.

मी भिंत मोजली. साडेदहा. माझा विश्वास बसेना म्हणून तीनदा मोजली. साडेदहा, साडेदहा, साडेदहा. भिंत कमावलेलीच होती, आजाराची नव्हे, हे बघून मला कोण आनंद झाला! डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी स्वतः मोजून मान हलवली, सही केली आणि म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. सांगा तिला तुम्हीच."

ती उठून बसली होती, कागद हातात चुरगळून. "ताई, आता काय करू?"

"उद्यापासून विश्रांती घे," मी म्हणाले.

तिचा चेहरा पडला.

"तुमच्या क्लबातली."