बाना

कौसल्या नर्स होती, दिवसाला पन्नास सुया टोचणारी. तरी देवीपुढं उगवलेल्या गव्हाच्या जवाऱ्यांच्या मिरवणुकीत पुजाऱ्यानं तिच्या धाकट्या भावाच्या गालातून हातभर लोखंडी सळईचा बाना आरपार घातला, तेव्हा डोळे तिनंच मिटले. गोविंदाचे मात्र टक्क उघडे होते, कुठंतरी लांब लागलेले. ढोलाच्या तालावर भर उन्हात तो अनवाणी तलावापर्यंत नाचत गेला. तिथं बाना काढून गालावर लिंबू दाबलं. रक्ताचा थेंबही आला नाही.

घरी तिनं धनुर्वाताचं इंजेक्शन भरताच गोविंदा भिंतीला चिकटला.

"काहून गा? मघाशी तं हूं की चूं केलं नाही!"

"तवा मी नव्हतो वं ताई, देवीमाय होती. आता मी हाव."

कौसल्यानं एका हातानं त्याचे डोळे झाकले आणि दुसऱ्या हातानं सुई टोचली.