कप्तान काय म्हणाला?

मी एक कॅसेट बोलतेय. व्हिडिओची नव्हे हं, साधी आवाजाची. माझ्या अंगावर निळ्या शाईने लिहिलंय : 'शेवटचा भाग. हात लावू नये.'

माझा मालक घड्याळं दुरुस्त करायचा. त्या काळी टीव्हीवर दर आठवड्याला एका अंतराळयानाची मालिका लागे आणि तिच्यापायी हा माणूस पार खुळावला होता. एकदा दाखवलेला भाग पुन्हा दिसत नसे. म्हणून त्याने टीव्हीसमोर स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवला. साहजिकच मालिकेबरोबर खुर्चीची करकर, शेजारच्या नळाची धार, असं सगळं गणगोत माझ्यात शिरलं.

शेवटच्या भागात यान फुटायला आलं, कप्तानाने अखेरचा हुकूम देण्यासाठी तोंड उघडलं आणि नेमकी तेव्हाच स्वयंपाकघरातून मालकिणीची हाक आली, "अहो, ऐकताय ना? पान वाढलंय."

"श्श! गप गं जरा!" मालक खेकसला.

व्हायचं ते होऊन गेलं. हुकूम हाकेखाली बुडाला. तरी माझ्यावर पुन्हा कुणी काही भरू नये म्हणून मालकाने माझ्या पाठीवरचे दोन चिमुकले दाते मोडून टाकले.

मग दर रविवारी दुपारी बैठक बसू लागली. मालक, त्याचा रेडिओ दुरुस्त करणारा मित्र आणि शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई. तिघंही डोळे मिटून ऐकायचे आणि त्या एका जागेवरून हमरीतुमरीवर यायचे.

"'परत फिरा' म्हणाला तो," रेडिओवाला म्हणे.

"मग इंजिनाचा आवाज का वाढला?" बाई विचारत. "'पुढे चला' म्हणाला असणार."

शेवटी खापर मालकिणीच्या माथी. ती दारात उभी राहून हसायची, "माझ्या एका हाकेनं तुमचं यान बुडालं म्हणायचं!"

अशी बावीस वर्षं गेली. मग मालकीण आजारी पडली आणि दोन महिन्यांत गेली. तिचे फोटो घरात पुष्कळ होते. आवाज मात्र तेवढाच, माझ्या पोटात. पाच शब्द.

मालक आता मला रोज सकाळी एकटाच लावायचा. ती जागा आली की पुढे वाकायचा. "अहो, ऐकताय ना?" मी विचारायची. "ऐकतोय गं," तो म्हणायचा. त्यापाठोपाठ त्याचंच खेकसणं ऐकून मान खाली घालायचा. हे त्याने कुणालाही सांगितलं नाही. इतकी वर्षं त्या हाकेला नावं ठेवण्यात तोही सामील होता, लाज वाटली असेल.

पुढे माझी फीत अडकू लागली. मालकाने मला मित्राकडे दिलं. "तेवढी फीत सरळ कर," म्हणाला. मित्राने ती केलीच, पण त्याच्या मनात जास्त होतं. कुठूनतरी त्याने त्या भागाचं स्वच्छ ध्वनिमुद्रण मिळवलं, माझ्या मोडक्या दात्यांच्या जागी चिकटपट्टी लावली आणि आनंदाने ते माझ्यावर भरलं. मला ओरडता येत नाही. माझ्यात दोघांना जागा नसते. नवं आलं की जुनं गेलं.

रविवारी सगळे जमले. मालक नेहमीसारखा पुढे वाकला. कप्तान खणखणीत आवाजात म्हणाला, "दिवे मालवा."

"अगं बाई! एवढी वर्षं भांडलो ते दिव्यांसाठी?" बाईंना हसू आवरेना.

"कशी वाटली, लेका?" मित्राचा चेहरा फुलला होता.

मालकाने मला बाहेर काढून हातात घेतलं. मग म्हणाला, "स्वच्छ झालीय."

मित्रावर माझा राग नाही. पण तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल तर तिची खरखर साफ करण्याआधी घरच्यांना विचारा हो, त्यात कोण आहे म्हणून.

मालक अजूनही मला रोज लावतो. ती जागा आली की कप्तानाने तोंड उघडण्याआधीच बटण दाबून मला थांबवतो. खोलीत काही वाजत नाही. तेवढ्यात तो हळूच म्हणतो, "ऐकतोय गं."