अर्धा नळ

पहिला ग्लास भरला तो नुसत्या फेसाने. तळाशी बोटभर बिअर, वर पांढरी टोपी.

"फ्रिजवाले, बिअर काढताय की दाढी करताय?" अप्पांनी विचारलं.

अप्पांच्या धाकट्या मुलाने फेस ओतून टाकला. धंदा फ्रिज दुरुस्तीचा, म्हणून एका जुन्या फ्रिजच्या दाराला भोक पाडून त्याने नळ बसवला होता. आत बिअरचं स्टीलचं पिंप, मागे गॅसचं नळकांडं. अप्पा निवृत्त झाले होते, संध्याकाळी कारखान्यातले दोस्त येणार होते. त्यांच्यासमोर बापाने एकदा, फक्त एकदा म्हणावं, 'माझ्या पोराने केलंय.' बाकी काही नको होतं त्याला.

पिंप हिंदकळलं असेल म्हणून सकाळपासून त्याला हात लावला नाही. गॅसचा दाब कमी केला. फेस. नळी सोडवून गरम पाण्याने धुतली. फेस. नळ तापत असेल म्हणून फ्रिजमध्ये छोटा पंखा बसवला. तरी फेसच. डोकं नुसतं भणभणायला लागलं. तरी दर वेळी नळाचा दांडा मात्र जपून, हळूच, अर्धाच ओढायचा.

आई शेजारीच मोरीत ग्लास विसळत होती, करंगळीएवढ्या धारेखाली. या घरात नळ कधी पूर्ण सुटलाच नाही. सुटला की अप्पांचा पंजा मानेवर. "नदी काय तुझ्या बापाची आहे?" असं विचारायचे. बाप तर समोरच उभा असायचा, पण हसायची कोणाची टाप नव्हती. थोरला तेवढा सुटला. काकांना मूलबाळ नव्हतं, म्हणून तो लहानपणापासून त्यांच्याकडे वाढला.

दोस्तमंडळी आली. "या या, आमचा साबणाचा कारखाना बघायला या!" अप्पा ओरडले. सगळे खो खो हसले. धाकट्याची कानशिलं तापली.

तेवढ्यात थोरला आला. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा डबा. "सरक रे जरा," म्हणाला आणि खस्सकन दांडा ओढला. पूर्ण. सोनेरी धार सुटली, ग्लास भरला, वर दोन बोटं फेस. बघत राहावं असा.

"काय केलंस रे?" धाकट्याने विचारलं.

"काही नाही. उघडला."

"याला म्हणतात हात!" अप्पांनी थोरल्याच्या पाठीवर थाप मारली.

"अप्पा, बनवलंय सगळं यानेच."

"बनवेल रे. चालवायला अक्कल लागते."

धाकट्याला राहवलं नाही. "अप्पा, अर्धा उघडला की फेस होतो. म्हणून होत होता."

"मग पूर्ण उघडायचा ना! तुझा हात कोणी धरला होता?"

पुन्हा हशा. आईने मान वर केली नाही, पण तिच्या हातातला ग्लास थांबला.

धाकट्याने बाहेरचे खरकटे ग्लास गोळा केले आणि मोरीत ठेवले. "आई, तू हो बाजूला." मग दात-ओठ खाऊन त्याने नळ पूर्ण सोडला. पाणी धाडधाड आपटलं, शर्ट भिजला.

"कोण रे तो?" बाहेरून आवाज आला. अप्पांच्या मिशीला अजून फेस असणार. "नळ बारीक कर!"

वाक्य संपायच्या आत धाकट्याच्या हाताने नळ बारीक केला होता.