मिरचीने राखलेला लोटा

मी एक जुना पितळी लोटा आहे. मित्रांनो, माझ्या पोटात पाणी असते आणि बुडाला मिरची. त्या मिरचीमुळेच आज मी तुमच्याशी बोलू शकतो आहे.

माझा जन्म भंडाऱ्याचा. एका कासाराने मला ठोकून गोल केले, चिंचेने उजळले. १९७१ साली एकोडीच्या गोदावरीबाईंनी मला घरी आणले. आणले पाणी प्यायला. पण पहिल्याच दिवशी त्यांनी तव्यावर हिरव्या मिरच्या आणि लसूण भाजला, मीठ टाकले, आणि मला गळ्याशी धरून माझ्या बुडाने ठेचायला सुरुवात केली. मी दचकलो! तशा त्या गुणगुणू लागल्या,

"हिरवी मिरची बाई, हिले तव्याचा चटका,
माह्या लोट्याच्या बुडानं देते लसणाले फटका."

त्या तालात माझे दुखणे विरून गेले. रोवण्याच्या दिवसांत धानाच्या चिखलात वाकलेल्या बाया दुपारी बांधावर बसत. भातावर तो ठेचा घेत, नाक पुसत आणि म्हणत, "आणखी दे वं!"

तेरा वर्षांत माझ्या बुडाला पोचे पडले. खाली ठेवले की मी डुगडुगायचो. गोदावरीबाईंची सून रुखमा, तिला पाहुण्यांपुढे माझी लाज वाटे. १९८४ च्या उन्हाळ्यात लाखनीचा भैय्यालाल सायकलवर स्टीलची भांडी घेऊन आला. जुने पितळ घेऊन तो नवी भांडी देई. ते पितळ पुढे भट्टीत जाते, हे मला ठाऊक होते.

"लोटा देऊन राहिली का वं?" गोदावरीबाईंनी विचारले. "मंग ठेचा कायनं करशील?"

"स्टीलच्या गिलासनं करीन, मामीजी. हा तं उभासुदिक राहत नाही."

गोदावरीबाई बाजूला सरकल्या. चूल आता सुनेची होती.

भैय्यालालने मला उलटे केले. पितळ पारखायला बुडावरून अंगठा चांगला घासला. सकाळीच ठेचा झाला होता. रुखमाने घाईत मला आतूनच घासले होते, बूड तसेच राहिले होते. पोच्यांत मिरची बसलेली. भैय्यालालने त्याच हाताने डोळ्यांवरचा घाम पुसला.

"अवं माय वं! मेलो! काय लावलं याले?"

रुखमाने माठ वाकवून मलाच भरले आणि त्याच्या डोळ्यांवर पाणी ओतले. गोदावरीबाई पदराने हसू दाबत म्हणाल्या, "भाऊ, थो लोटा चावते."

डोळे निवल्यावर त्याला भाकर वाढली, बाजूला तोच ठेचा. पहिल्या घासाला तो थांबला.

"बाई, असा ठेचा गिलासनं होत नाही. गिलास हलका, मिरचीवरून सटकते. माह्या घरचा लोटा म्याच इकला. बायको आजून शिव्या देते."

रुखमाने माझ्याकडे पाहिले, मग कोपऱ्यातल्या फुटक्या पितळी पातेल्याकडे.

"मंग हे पातेलं न्या," ती म्हणाली, आणि मला पदराआड घेतले. माझ्या पोटातले उरलेसुरले पाणी आनंदाने हिंदकळले.

आता रुखमाने मला कापडाची चुंबळ करून दिली आहे. मी डुगडुगत नाही.

मित्रांनो, घरातले जुने भांडे देऊन टाकण्याआधी, ते काय काय करते हे एकदा घरच्यांना विचारा. आणि भांडी घासताना बूडही घासत जा. रुखमा आता रोज घासते. त्या एका सकाळी तेवढी विसरली. तिचे उपकार मी कसे फेडू?